जुन्या डेस्कटॉपला नवीन रॅम आणि ग्राफिक्स कार्ड बसवलं, आता तो चालूच होत नाही. काय तपासू?

आधी प्लग काढा आणि नवीन बसवलेलं सगळं बाहेर काढून जुनी रॅम परत लावा. मशीन चालू झालं तर एकेक वस्तू जोडत जा, दोषी लगेच सापडेल.

तरीही चालू होत नसेल, तर बटण दाबताना सीपीयूच्या पंख्याकडे बघा. पंखा जरासा हलून थांबत असेल, तर बहुतेक कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय) स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतोय. मदरबोर्डाखाली सुटा स्क्रू अडकलाय का पाहा. पंखा अजिबात हलत नसेल, तर एसएमपीएसचा मागचा छोटा स्विच चालू आहे ना, त्याचा बोर्डाला जाणारा २४ पिनचा कनेक्टर क्लिक होईपर्यंत बसलाय ना, हे बघा. आत हात घातल्यावर पुढच्या बटणाची बारीक दोन पिनची वायर कधीकधी निघते. ती काढून बोर्डावरच्या त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन उठलं तर बटण किंवा त्याची वायर खराब आहे.

पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, हा वेगळा आजार. तिथे सीपीयूजवळचा ४ किंवा ८ पिनचा कनेक्टर आणि कार्डाची वेगळी पॉवर केबल तपासा. रॅमही बोर्डाला चालणारीच हवी, डीडीआर३च्या स्लॉटमध्ये डीडीआर४ बसतच नाही.

माझा संशय मात्र जुन्या एसएमपीएसवरच आहे. ओळखीच्या कोणाचा चांगला एसएमपीएस लावून बघा. जुना उघडू नका, प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.