धंदा लिहिला आहे, मग काम का नाही?

प्रश्न : माझ्या आजोबांचे काका रत्नागिरी जिल्ह्यातून जहाजावर खलाशी म्हणून गेले आणि पुढे अमेरिकेत, डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात लागले, असे घरी सांगतात. तिथल्या १९४० च्या जनगणनेत त्यांची ओळ मिळाली. वय ४६, नाते ‘लॉजर’ (दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहणारा), धंदा ‘मशीन ऑपरेटर’, उद्योग मोटार कारखाना, पुढे ‘पीडब्ल्यू’. मात्र २१ आणि २२ या रकान्यांत ‘नाही’, २३ मध्ये ‘होय’, ‘ई’ रकान्यात ३, २७ मध्ये २६, ३१ मध्ये २० आणि ३२ मध्ये ६०० आहे. ‘एफ’ रकान्यातल्या सहा आकडी संख्येचा अर्थही लागत नाही. ते नोकरीत होते की नव्हते?

उत्तर : २४ ते ३० मार्च १९४० या आठवड्यात ते नोकरीत नव्हते, काम शोधत होते. रोजगाराचे प्रश्न याच एका आठवड्यापुरते विचारलेले होते. नेहमीचे काम आहे का, हे २१ व्या रकान्यात, सरकारने बेकारांसाठी काढलेल्या कामावर आहेत का, हे २२ व्यात आणि काम शोधत आहेत का, हे २३ व्या रकान्यात आहे. या उत्तरांचे सार म्हणजे ‘ई’मधला अंक : १ म्हणजे कामावर, २ म्हणजे बेकारांसाठीच्या सरकारी कामावर, ३ म्हणजे कामाच्या शोधात, ४ म्हणजे नोकरी आहे पण त्या आठवड्यात गैरहजर.

मग धंदा का लिहिला? कारण काम शोधणाऱ्याने शेवटचे जे काम केले असेल तेच २८ ते ३० या रकान्यांत लिहावे आणि पूर्वी कधीच काम केले नसेल तर ‘नवा कामगार’ अशी नोंद करावी, असा नियम होता. म्हणून धंद्याचा रकाना आधी वाचला की हमखास फसगत होते. पान डावीकडून उजवीकडे, २१ व्या रकान्यापासूनच वाचावे. आपल्या घरची आठवण मात्र खोटी ठरत नाही, कारण कारखान्यातली नोकरी झाली होती हे हीच ओळ सांगते.

२७ व्या रकान्यातले २६ हे बेकारीचे आठवडे आहेत, म्हणजे साधारण सप्टेंबर १९३९ च्या अखेरीपासून हाताला काम नव्हते. ३१ वा रकाना १९३९ मध्ये केलेल्या कामाचे आठवडे सांगतो. अर्धवेळ काम तिथे पूर्ण आठवड्यांत बदलून धरलेले असते. ३२ वा रकाना त्याच वर्षाचा पगार डॉलरमध्ये सांगतो. २० आठवड्यांत ६०० म्हणजे आठवड्याला सरासरी ३० डॉलर. आकडे एकमेकांशी जुळतात. इथे एक सावधगिरी हवी : स्वतःचे दुकान किंवा धंदा चालवणाऱ्याच्या ओळीत ३२ मध्ये शून्य दिसले तर त्याला कंगाल समजू नये, कारण धंद्याचा नफा त्यात धरलेला नाही. इतर मार्गांनी ५० डॉलर किंवा अधिक मिळाले का, हे ३३ व्या रकान्यात पाहावे.

‘एफ’मधले आकडे घरोघर फिरणाऱ्या प्रगणकाने लिहिलेले नाहीत, यंत्रावर मोजणी करण्यासाठी ते नंतर कार्यालयात भरले गेले. पहिले तीन धंद्याचे, पुढचे दोन उद्योगाचे, शेवटचा कामगाराच्या प्रकाराचा. ‘पीडब्ल्यू’ म्हणजे खासगी मालकाकडे पगारी, त्यासाठी शेवटी १ असायला हवा. दुसरा अंक असेल तर तो रकाना पुन्हा नीट पाहा, कारण इथे लिहिणाऱ्याची चूक पकडता येते.

‘लॉजर’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. त्या वर्षी माहिती देणाऱ्याच्या नावापुढे वर्तुळात फुली काढत असत. ती फुली घरमालकिणीच्या नावापुढे असेल तर भाडेकरूचा पगार आणि बेकारीचे आठवडे तिने अंदाजाने सांगितले असण्याची शक्यता आहे. वंशाच्या रकान्यात ‘हिंदू’ असे दिसले तर त्यावरून धर्म ठरवू नये. हिंदुस्थानातून आलेले मुसलमान आणि शीखही त्याच शब्दाखाली नोंदले जात.

पुढे काम मिळाले का, हे पाहण्यासाठी एप्रिल १९४२ मधली सैन्यनोंदणीची कार्डे शोधा. १८७७ च्या एप्रिलअखेरीपासून १८९७ च्या फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जन्मलेल्या पुरुषांची ती नोंदणी होती, आणि ४६ वर्षांचे काका त्यात बसतात. कार्डावर मालकाचे नाव आणि कामाच्या जागेचा पत्ता विचारलेला असे. तोवर डेट्रॉइटचे मोटार कारखाने युद्धसाहित्याकडे वळले होते आणि माणसांची मागणी वाढली होती.