मुलीला "किती गोड", मुलाला "किती हुशार": नातेवाइकांना थांबवावं का?

तुमची मुलगी चार वर्षांची, मुलगा सहाचा. घरी येणारा प्रत्येक जण तिच्या दिसण्याचं कौतुक करतो आणि त्याच्या डोक्याचं. यानं काही बिघडतं का, असं तुम्ही विचारलंय.

"गोड दिसतेस" म्हटल्यानं कुठलंच मूल बिघडत नाही. तिच्या वाट्याला तेवढंच येत असेल तर मात्र पंचाईत आहे. म्हणून आधी तीन दिवस मोजा. फ्रिजवर कागद चिकटवा, दोघांच्या नावाखाली तीन रकाने करा: दिसणं, हुशारी, केलेलं काम. कौतुक कानावर पडलं की रेघ ओढायची, स्वतःच्या तोंडचंही. पाहुण्यांवर खापर फोडायच्या आधी ही स्वतःची रेघ बघून घ्या.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ५३ मुलांच्या घरातलं बोलणं ती १४ ते ३८ महिन्यांची असताना टिपलं होतं. मुलग्यांना मिळालेल्या कौतुकात सुमारे २४ टक्के मेहनतीचं होतं, मुलींच्या कौतुकात जेमतेम १० टक्के. एकूण शाबासकी दोघांना सारखीच. ज्यांना मेहनतीची दाद जास्त मिळाली, ती सात-आठ वर्षांची झाल्यावर अवघड कामाकडे जास्त ओढली जात होती.

मात्र "गोड" काढून तिथे "हुशार" बसवू नका, ही चूक फार होते. हुशारीची वाहवा मिळालेली मुलं पुढे सोपी कोडी निवडतात, कारण चुकलो तर बिरुद जाईल, हे १९९८ च्या प्रयोगात दिसलंय. म्हणजे तुमचा मुलगाही काही फार फायद्यात नाही.

तान्हा पोळ्याचंच बघा. नागपुरात त्या दिवशी पोरं नटून, लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात. दारात उभ्या पोरीला बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, देताना "बाप्पा, किती सुंदर दिसून राहिली!" एवढं म्हणून दार लावलं की संपलं. त्याला दुसरं वाक्य जोडा: "झूल तू निवडली का? शिंगाला बेगड कसं चिकटवलं?" पोट्टी दहा मिनिटं हलणार नाही. प्रश्न तिनं खरंच केलेल्या कामाचा हवा. बैल बाबांनी सजवला असेल तर तो फुसका जातो, पोरं लगेच ओळखतात. "जगात सगळ्यात भारी" वगैरेही नको.

मावशी-आत्यांना मुलांसमोर टोकू नका. त्या दुखावतात, आणि मुलीला वाटतं छान दिसण्यातच काहीतरी वाईट आहे. त्या "गोड" म्हणाल्या की तुम्हीच पुढचं वाक्य टाका: "हो ना, आणि आज बटणं हिनंच लावली, आत्याला दाखव गं."

एकच गोष्ट जागच्या जागी अडवा, ती म्हणजे रंग. "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस" यातला "पण" चार वर्षांच्या मुलीलाही ऐकू येतो. तिथे हसून सोडू नका. "आमच्याकडे रंगाचं बोलत नाही" एवढं शांतपणे म्हणा आणि विषय बदला.

आणि मुलानं नवा कुर्ता घातला, भांग पाडला, तर "मस्त दिसतोस रे" त्यालाही म्हणा. त्यानं बहिणीच्या चपलेचा पट्टा लावून दिला तर तेही बोलून दाखवा. त्या कागदावर त्याच्या नावाखाली बहुधा हीच रेघ नसेल.