हेडर म्हणजे सायलेन्सर नव्हे, नळकांडी!

प्रश्न असा आला आहे: "मी ओहायोत राहतो. माझ्याकडे 1969 ची शेव्हरले कॅमारो आहे, 350 घन इंचाच्या व्ही-8 इंजिनाची. तिचे मूळचे बिडाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांमधला धूर गोळा करणारे ओतीव नळ) काढून बाजारात मिळणारे हेडर्स बसवायचे आहेत. इथली मराठी मंडळी त्यांना सरसकट सायलेन्सर म्हणतात. एका जाणकारांनी 'निष्कासशीर्ष' असा शब्द सुचवला. योग्य मराठी शब्द कोणता? आणि हेडर आखूड घ्यावेत की लांब?"

आधी सायलेन्सरचं उरकून घेतो, कारण हा शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत जी म्हणून नळी दिसेल ती आपल्याकडे सायलेन्सर. 'कर्णकर्कश सायलेन्सरवर पोलिसांची कारवाई' ही बातमी तर महिन्याआड छापून येते. अहो, सायलेन्सर म्हणजे गप्प करणारा, तो कर्कश कसा असेल? त्याचं पोट रिकामं केलेलं असतं म्हणून गाडी कर्कश वाजते. अमेरिकेत त्यालाच मफलर म्हणतात, आणि तो असतो मागच्या बाजूला. हेडर म्हणजे सिलिंडरांमधला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा, ते असतात थेट इंजिनाला लागून. दोन्हींची जागा वेगळी, काम वेगळं. संपला विषय.

आता हेडर. हेड म्हणजे डोकं, प्रमुख वगैरे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडतो. गॅरेजवाले सांगतात की हा भाग सिलिंडर हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, बसतो म्हणून हेडर. मला हे बिलकूल मान्य नाही. बिडाचं मॅनिफोल्डसुद्धा त्याच हेडला, त्याच बोल्टांनी बसतं. मग त्याला हेडर का म्हणत नाहीत?

माझ्या मते हा शब्द बॉयलरघरातून आला. बॉयलरच्या अनेक नळ्या ज्या पेटीला किंवा जाड नळाला येऊन मिळतात तिला हेडर म्हणायची रीत मोटारींपेक्षा जुनी आहे. आपल्या कुठल्याही साखर कारखान्यात जाऊन बघा. बॉयलरजवळ पांढऱ्या लेपात गुंडाळलेला एक जाडजूड आडवा नळ दिसेल, त्यावर ओळीने व्हॉल्व्हची चाकं. त्यातून एक फाटा टर्बाइनकडे, बाकीचे इतर यंत्रांकडे. तिथल्या कामगाराला विचारा, तो 'स्टीम हेडर' असंच सांगेल. त्याला कोणी सिलिंडर हेड दाखवलेलं नसतं! हा 'हेड' प्रवाहाचा आहे. आपले शेतकरी कालव्याच्या पाण्यावरून भांडताना 'हेडवाले' आणि 'टेलवाले' म्हणतात, तोच. जिथून पाणी सुटतं ते हेड, जिथे संपतं ते टेल.

म्हणून 'निष्कासशीर्ष' मला सपशेल नापास वाटतो. निष्कास ठीक आहे, पण शीर्ष? कालव्याच्या मुखाला कोणी कालव्याचं शीर्ष म्हणतं का? ज्यांनी हा शब्द केला त्यांनी वस्तू हातात धरून पाहिलेली नाही. इंग्रजी शब्द पाहिला, त्यातला हेड ओळखला आणि वर संस्कृत डकवला. परिभाषा अशी घडत नाही.

मराठीत तयार शब्द आहे: नळकांडं. वर्तमानपत्रांनी त्याला अश्रुधुरात अडकवून ठेवलंय, पण तो फार जुन्या घराण्यातला आहे. नळ म्हणजे मुळात लोखंडाचा पाइप नव्हे. संस्कृतात नड किंवा नल म्हणजे पाणथळीत उगवणारं पोकळ बोरूसारखं गवत. आणि कांड म्हणजे दोन पेरांमधला तुकडा, उसाचं कांडं म्हणतो तेच. तेव्हा नळकांडं म्हणजे पोकळ बोरूचा ठरावीक लांबीचा तुकडा. ठरावीक लांबीचा, हे लक्षात ठेवा. याच नडापासून नळी आली, नाळ आली आणि नाडीही आली. नाडी म्हणजे आधी पोकळ नळी, मग शरीरातली रक्तवाहिनी, मग तिच्यात लागणारा ठोका.

हेडरच्या नळीतही धूर सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. शेव्हरलेच्या या इंजिनात पेट घेण्याचा क्रम 1-8-4-3-6-5-7-2 असतो. विषम आकड्यांची चारही सिलिंडरं डाव्या बाजूला, आणि त्यातली 5 आणि 7 शेजारी असून लागोपाठ पेटतात. बिडाच्या आखूड मॅनिफोल्डमध्ये सातव्याचा ठोका पाचव्याच्या वाटेत येतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःचं नळकांडं मिळतं आणि चारही जण पुढे एका जाड नळात एकत्र येतात. ठोका त्या रुंद तोंडाशी पोचला की तिथून कमी दाबाची लाट उलटी फिरते. झडप मिटायच्या आत ती परत आली तर उरलेला धूर ओढून घेते. इंजिन मिनिटाला किती फेऱ्या मारत असताना ती वेळेवर पोचेल हे नळकांड्याची लांबी ठरवते. बासरीचा सूर तिच्या लांबीवर ठरतो, तसंच हे. इंग्रजीतला पाइपसुद्धा आधी फुंकायचा पावाच होता, लॅटिनमधल्या 'चिवचिवणे' या क्रियापदातून आलेला. दोन्ही भाषांनी पोकळ नळीच उचलली, फक्त त्यांनी त्यातला आवाज पाहिला आणि आपण त्यातलं पेर मोजलं. लांबी हाच ज्या वस्तूचा प्राण, तिला कांड असलेला शब्द मिळावा, यापेक्षा चपखल काय असेल!

राहता राहिला आखूड-लांबचा प्रश्न. आखूड नळकांडी बसवायला सोपी, पण बिडाच्या तुलनेत ताकद फार वाढवत नाहीत. रस्त्यावर चालवायच्या 350 ला लांबच घ्या, एक इंच पाच सूत व्यासाची, पुढचा एकत्र नळ तीन इंची. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुताराच्या आणि फिटरच्या तोंडी हा शब्द अजून जिवंत आहे, तुम्हीही ओहायोत वापरा.) मोठी नळी म्हणजे जास्त ताकद असं समजून पावणेदोन-दोन इंचीच्या मागे लागू नका, साध्या इंजिनात त्याने धुराचा वेग मंदावतो आणि इंजिन कमी फेऱ्यांवर असताना जोर कमी होतो. फ्लँज, म्हणजे इंजिनाला बोल्टांनी बसणारी पट्टी, तीन सूत जाडीची बघा, पातळ असली तर तापून वाकते आणि गॅस्केटमधून (मधल्या सांधपट्टीतून) फटफट आवाज येऊ लागतो. विकत घेण्याआधी गाडीखाली आडवे होऊन डावीकडे स्टिअरिंग बॉक्स आणि क्लचचे दांडे, उजवीकडे स्टार्टर यांच्याशी किती जागा उरते ते पाहा. लांब नळकांडी रस्त्यापासून फार उंच राहत नाहीत, तेव्हा तुमच्या वाटेवरचे स्पीडब्रेकरही मोजून ठेवा. आणि बसवल्यावर इंजिन दोनतीनदा तापून गार झालं की सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा.