फ्रेंच ऐकताना गोंधळवणाऱ्या जोड्या

ताई, फ्रेंचची ए-टू पातळीची परीक्षा पास होऊनही बोलणं ऐकताना सगळे शब्द सारखेच वाटतात, मुलीला घेऊन सांगलीहून लिऑनला येण्याआधी काय करू, असं विचारलंत. व्हिसाचं सरकारी साइटवर आहे, ते सोडते. एकटेपणा येतो, आणि पुष्कळसा न कळण्यातूनच येतो. शाळेत बाई लेकराचं कौतुक करतायत की तक्रार, हे न उमगणं मला अजून सलतं. म्हणून कानाचंच सांगते.

आधी वहीतले देवनागरी उच्चार खोडा. 'वर' (dessus) आणि 'खाली' (dessous) हे दोन्ही फ्रेंच शब्द आपण 'दसू' लिहितो, मग कानही तेच ऐकतो. 'खाली'त आपला साधा ऊ आहे. 'वर'मध्ये जीभ 'ई'च्या जागी ठेवून ओठ 'ऊ'सारखे गोल करायचे. स्वर तोंडाला आला की कानाला सापडतो. छत गळालं आणि विम्याला फोन केला, की वरचं घर की खालचं, इथेच गाडी अडते.

नाकातले स्वर आपण एका अनुस्वारात कोंबतो. 'वारा'ला (vent) जबडा खाली, 'वाइन'ला (vin) ओठ फाकलेले, 'ते जातात'ला (vont) ओठ गोल. पुस्तकातला चौथा स्वर (un मधला) पॅरिसकडे बहुतेक जण दुसऱ्यासारखाच म्हणतात. त्यावर वेळ घालवू नका.

'इल्झों' म्हणजे त्यांच्याकडे आहे, 'इल्सों' म्हणजे ते आहेत. 'जरा'तला ज आपल्याकडे आहेच, हे लवकर जमेल. खरा घात वेळेत होतो: 'दोन वाजता' (deux heures) आणि 'बारा वाजता' (douze heures) दोन्ही 'झर'वर संपतात, फरक फक्त पहिल्या स्वराचा. अपॉइंटमेंट घेताना 'कातोर्झर?', म्हणजे 14 वाजता (दुपारी दोनला) का, असं उलट विचारा. दुपारचे बारा असतील तर 'मिदी' म्हणतील.

सरावाला फोर्वो या शब्दांचे उच्चार ऐकवणाऱ्या साइटवरून एकेका जोडीचे निदान चार वेगवेगळे आवाज घ्या. एकाच आवाजावर तो माणूस पाठ होतो, स्वर नाही. क्रम विस्कटून, स्पेलिंग न बघता 20 वेळा ओळखा आणि लगेच उत्तर तपासा. 16 बरोबर आले की पुढची जोडी. रोज पंधरा मिनिटं पुरेत. सबटायटल मात्र बंद, नाहीतर डोळेच ऐकतात.

शेवटी फोन नंबर. दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्यांत सांगतात. 'सुआसांत' ऐकताच 60 लिहू नका, पुढे 'दूझ' (बारा) जोडून आलं तर ते 72 असतं. कागदावर दहाऐवजी बारा आकडे झाले, तर अशीच एखादी जोडी तुटलेली असते.