वाचकांचे प्रश्न : भरतीचा आकडा म्हणजे लाटेची उंची नव्हे

सुट्टीतील सहलींविषयीचा अंक प्रसिद्ध झाल्यानंतर कोकणच्या समुद्राविषयी आणि तेथील होड्यांविषयी बरीच पत्रे आली. ज्या पत्रांतील शंका अनेकांच्या आहेत, ती येथे घेतली आहेत.

प्रश्न : आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून आम्ही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मालवणला जाण्याचे ठरवले आहे. मागच्या वर्षी याच सुमारास ‘समुद्रात ४.७ मीटर उंचीच्या लाटा उसळणार’ अशी बातमी दूरचित्रवाणीवर पाहिली होती. त्या दिवसांत सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीने जाता येईल का? (एक वाचिका, धरमपेठ)

उत्तर : मालवणला अवश्य जा, मात्र किल्ला किनाऱ्यावरूनच पाहावा लागेल. किल्ल्यावर जाणारी प्रवासी होडी मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असते. गेटवे ते मांडवा या लाँचही पावसाळ्यात थांबतात आणि १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाही बंदी असते. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे आपल्या अनेक कुटुंबांची सहल नेमकी याच काळात येते आणि ‘इतक्या लांबून आलो आहोत, जरा सोडा’ असा आग्रह धक्क्यावर होतो. तो करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नैर्ऋत्य मोसमी वारा जूनमध्ये समुद्राकडून थेट किनाऱ्यावर येतो. अशा वेळी होडीचे इंजिन बंद पडले, तर वारा तिला खोल पाण्याकडे नेत नाही, खडकांवर लोटतो आणि तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाच्या, हाती फार थोडा वेळ उरतो.

आता बातमीतील आकड्याविषयी. ४.७ मीटर ही लाटेची उंची नव्हे, ती भरतीची उंची आहे. बंदराच्या नकाशात ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीजवळची एक पायाभूत पातळी ठरवलेली असते. भरतीच्या क्षणी पाणी त्या पातळीच्या किती वर असेल, एवढेच तो आकडा सांगतो. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा शांत असला तरी मुंबईला त्या वेळी ४.७ मीटरची भरती येणारच, कारण ती चंद्र-सूर्याच्या ओढीने येते आणि तिचे कोष्टक फार आधी तयार असते. एवढी मोठी भरती हिवाळ्यातील अमावास्या-पौर्णिमांच्या सुमारासही येते, पण तेव्हा तिची बातमी होत नाही. पावसाळ्यात तिला महत्त्व येते ते मुंबईच्या नाल्यांमुळे, कारण भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला तर शहरातील पाणी समुद्रात उतरत नाही. शिवाय हा आकडा मुंबईचा असतो आणि किनाऱ्याने दक्षिणेकडे जावे तसे भरती-ओहोटीतील अंतर कमी होत जाते, त्यामुळे मालवणला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

या गोंधळाची मला काळजी वाटते ती उलट्या बाजूने. ‘आज भरती फक्त ३.२ मीटर’ असे वाचून एखादा माणूस निर्धास्त होतो, पण त्याच दिवशी उघड्या समुद्रात ३ मीटरच्या खऱ्या लाटा असू शकतात. लाटेचा अंदाज वेगळा पाहावा लागतो. तो हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या केंद्र सरकारच्या सागरी माहिती संस्थेकडून मिळतो. ही संस्था १९९९ मध्ये स्थापन झाली. तिच्या अंदाजात लाटेची जी उंची दिलेली असते, ती सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. ‘२ मीटर’ असे लिहिलेले असेल, तर अधूनमधून त्याच्या जवळपास दुप्पट उंचीची लाट येऊ शकते, हे धरूनच निर्णय घ्यावा.

प्रश्न : माझे आजोबा पंचांगातील तिथीवरून भरतीची वेळ सांगत असत. ती रीत कोणती आणि तिच्यावर आज विसंबता येईल का? (एक वाचक, महाल)

उत्तर : रीत सोपी आहे. तिथीच्या आकड्याला ३ ने गुणून ४ ने भागावे, म्हणजे भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता आणि एकादशीला सव्वाआठच्या सुमारास भरती येते. दुसरी भरती त्यानंतर साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा १ पासून मोजायची. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून पाऊणपट. किनाऱ्यावरील माणसांनी चंद्र पाहत पाहत बसवलेला हा हिशेब मला फार सुंदर वाटतो. तो अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो. किनाऱ्यावर फिरायला जाण्यापुरता तो चालेल, पण होडी काढायची असेल तर त्या बंदराचे छापील कोष्टकच पाहावे. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण असते, म्हणजे पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा हा चढउतार कमी असतो.

वेळेइतकेच महत्त्वाचे म्हणजे पाणी चढण्याचा वेग. ओहोटी संपल्यापासून भरती पूर्ण होईपर्यंतच्या सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे १२ भाग केले, तर पहिल्या तासात १ भाग, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि सहाव्यात १ असे ते ढोबळमानाने चढते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येते. उधाणाच्या दिवशी चढ ४ मीटर धरला, तर पहिल्या तासात पाणी फूटभरच वाढलेले दिसते आणि किल्ल्यातील माणसे निवांत राहतात. तिसऱ्या एका तासात मात्र ते १ मीटरने वाढते. ओहोटीचा तळ गाठण्याआधी किल्ल्यात जावे आणि पाणी वळले की लगेच परत निघावे. उशीर झालाच, तर मुले कडेवर घेऊन पाण्यातून चालत येण्याऐवजी किल्ल्यातच थांबावे.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोकणात गेलो होतो. आकाश निरभ्र, वारा जवळजवळ नाही, तरीही एका ठिकाणी होडीवाल्याने फेरी रद्द केली. पैसे परत दिले, पण कारण ‘पाण्याला ओढ आहे’ एवढेच सांगितले. ही टाळाटाळ तर नव्हे? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : टाळाटाळ नव्हे. पैसे परत देऊन फेरी रद्द करणाऱ्या माणसाचे स्वतःचे नुकसान होते, हे आधी ध्यानात घ्यावे.

नागपुरात आपण आभाळ पाहून हवामान ओळखतो आणि बहुतेक वेळा ते बरोबर ठरते. समुद्राला ही कसोटी पुरत नाही, कारण समोरची लाट समोरच्या वाऱ्याने उठवलेली असेलच असे नाही. दूरवर वादळ झाले की तेथे उठलेल्या लाटा वारा मागे टाकून पुढे निघतात, लांब आणि गोल होत जातात आणि शेकडो, कधी हजारो किलोमीटर प्रवास करून ऊन पडलेल्या किनाऱ्यावर येतात. दोन लाटांमधील काळ १४ सेकंद असेल, तर खोल पाण्यात अशा लाटेची लांबी सुमारे ३०० मीटर असते आणि त्या लाटांचा समूह दिवसाला साधारण ९०० किलोमीटर अंतर कापतो. खोल समुद्रात ती जाणवतही नाही, होडी फक्त सावकाश वर जाते आणि खाली येते. पण उथळ पाण्यात, खडकाळ बेटापाशी किंवा खाडीच्या मुखावरील वाळूच्या उंचवट्यावर आली की ती अडखळते, उंच होते आणि फुटते. त्याच वेळी खाडीतून ओहोटीचे पाणी बाहेर येत असेल, तर समोरासमोर गाठ पडून लाट आणखी उभी राहते. केरळच्या किनाऱ्यावर अशा अवचित येणाऱ्या लाटांना ‘कल्लकडल’ असे स्वतंत्र नावच आहे.

मी स्वतः एका नोव्हेंबरात धक्क्यावर उभा राहून अशाच एका तांडेलाशी वाद घातला होता. त्याने मला उत्तर दिले नाही, फक्त धक्क्याला बांधलेल्या होडीच्या दोराकडे बोट केले. दोर सैल पडून पाण्याला टेकत होता. मग पृष्ठभागावर काहीही न दिसता होडी हातभर वर उचलली गेली, दोर ताठ झाला, पिळातून पाणी गळले, खुंटा करकरला आणि पुन्हा सगळे सैल पडले. मी घड्याळ लावून मोजले, तर दर १३-१४ सेकंदांनी हेच चालले होते. माणसे चढवायची उतरवायची असताना होडी आणि दगडी पायरी यांच्यामधील फट अशी उघडत-मिटत असेल, तर पाय अडकायला एक खेप पुरेशी आहे. तेव्हापासून मी धक्क्यावर पोहोचलो की प्रथम दोर पाहतो, मग आभाळ.

दिवाळीविषयी एक गोष्ट आणखी सांगायला हवी. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, एक पावसाळ्याच्या आधीचा आणि दुसरा नंतरचा, आणि आपल्या उन्हाळी व दिवाळीच्या सुट्ट्या नेमक्या त्यांतच पडतात. ‘फयान’ ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी रायगडला धडकले. ‘तौक्ते’ मे २०२१ मध्ये कोकणाला झोडपत गुजरातकडे गेले आणि त्यात मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडून अनेक कामगार मृत्युमुखी पडले. ‘क्यार’चे उदाहरण तर आपल्या प्रश्नाला थेट लागू पडते. २०१९ च्या ऐन दिवाळीत ते महाचक्रीवादळ झाले. भारताच्या किनाऱ्याला न टेकता ते ओमानच्या दिशेने निघून गेले, तरी कोकणचा समुद्र त्याने खवळून सोडला. म्हणून वादळ ‘दूर चालले आहे’ असे वाचल्यानंतरही निदान दोन दिवस लाटांचा अंदाज पाहत राहावे.

प्रश्न : मी अंबाझरी तलावावर होडी वल्हवली आहे आणि मला पोहताही येते. तारकर्लीला छोटी कयाक घेऊन एकट्याने समुद्रात जाणे योग्य ठरेल का? (एक विद्यार्थी, प्रतापनगर)

उत्तर : एकट्याने नको. तलावावर वाऱ्याला पाण्यावरून धावायला फार थोडे अंतर मिळते, म्हणून जोराच्या वाऱ्यातही लाट वीतभरच उठते आणि काहीही झाले तरी काठ जवळ असतो. समुद्रावर हे दोन्ही आधार नाहीत.

पण मला जास्त भीती वाटते ती शांत सकाळची. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या सुरुवातीला पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याजवळ झाडांच्या आडोशाला पाणी गुळगुळीत दिसते आणि कयाक आत जाताना अलगद पुढे सरकते. माणसाला वाटते आपण छान वल्हवतो आहोत. प्रत्यक्षात वारा त्याला बाहेर नेत असतो, आणि परत फिरल्यावर तोच वारा तोंडावर येतो. पुढे अकरा-बाराच्या सुमारास दिशा फिरते, खारा वारा सुरू होतो आणि दुपारी तो सर्वाधिक जोरात असतो. लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागला की वारा १० नॉटच्या (ताशी सुमारे १८ किमी) आसपास आहे असे समजावे. जिकडेतिकडे फेस दिसला तर तो १५ नॉटच्या पुढे गेला आहे, आणि कयाक त्याआधीच वाळूवर असायला हवी. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो, हे वल्हे मारणाऱ्या हातांना लगेच कळते.

जायचेच असेल तर स्थानिक जाणकारासोबत, जीवरक्षक जॅकेटचे सर्व पट्टे बांधून आणि किनाऱ्यालगतच जावे. खाडीच्या आतील पाण्यात आधी काही दिवस सराव करावा. समुद्रातील संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये घालून ठेवावा आणि फोन जलरोधक पिशवीत गळ्यात असावा.

प्रश्न : बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र झाले की आपल्याकडे पाऊस येतो. त्याचा कोकणच्या समुद्राशी काही संबंध असतो का? तसेच ‘तीन नंबरचा बावटा’ म्हणजे काय? (एक वाचक, सक्करदरा)

उत्तर : संबंध असतो. पावसाळ्यात असे क्षेत्र ओडिशा, छत्तीसगड मार्गे विदर्भाकडे सरकते, तेव्हा त्याच्याकडे ओढला जाणारा पश्चिमेचा वारा अरबी समुद्रावरही जोर धरतो. नागपुरात झड लागलेली असताना रत्नागिरीचा समुद्रही बहुधा खवळलेला असतो.

बावटे हे बंदरांसाठीचे इशारे आहेत आणि ते १ ते ११ असे आहेत. १ आणि २ हे दूर समुद्रातील बिघाडाविषयी सांगतात, ३ नंबरचा बावटा बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका असल्याची खूण आहे. प्रवासी होडीसाठी तेवढे कारण पुरे. हवामान खात्याच्या सूचनेत ‘ताशी ४५ ते ५५ किमी, झोत ६५ किमी’ असे शब्द येतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किमी, म्हणजेच हा वारा २४ ते ३० नॉटचा झाला आणि ६५ चा झोत चक्रीवादळाच्या पहिल्या पायरीला, ३४ नॉटला, पोहोचतो. नागपूरच्या प्रादेशिक केंद्राचा अंदाज विदर्भापुरता असतो. कोकणात जाताना मुंबई केंद्राचा अंदाज आणि मच्छीमारांसाठीची सूचना पाहावी.

प्रश्न : मला बोट लागते. काही उपाय? (एक वाचिका, इतवारी)

उत्तर : होडीच्या मध्यभागी किंवा थोडे मागे बसावे, कारण नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग सर्वांत जास्त वर-खाली होतो. नजर क्षितिजावर ठेवावी, मोबाइलमध्ये पाहू नये आणि इंजिनाच्या धुरापासून दूर राहावे. पोट रिकामे नको आणि तुडुंबही नको. गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी आणि ती होडीत चढण्याच्या निदान अर्धा तास आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. उलटी आली तरी काठावर उभे राहून वाकू नये. बसूनच पिशवीत करावी आणि शेजारच्या माणसाला हात धरायला सांगावे.