वाचकांचे प्रश्न : कागदाचा तयार लगदा

प्रश्न : दिवाळीत गॅलरीत मावेल असा सिंहगड करायचा आहे. पाकिटातल्या तयार लगद्याचा डोंगर आधी करून पाहिला, तर आठवड्यात भेगा पडल्या आणि खालचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) वाकला. काय चुकलं? (कोथरूड)

उत्तर : दोन्ही दोष पाण्याचे. पाकिटातली भुकटी, जी भिजवून लगदा होतो, ती म्हणजे बारीक दळलेला कागद आणि चिकट द्रव्य. सुकताना ती आकसते. थर जाड असला की वरची साल आधी कडक होते, गाभा मागाहून आकसतो आणि भेग पडते. पाकिटावर प्रमाण दिलेलं नसेल तर १०० ग्रॅम भुकटीला आधी २०० मिलि कोमट पाणी घ्या. झिपच्या पिशवीत मळा, धूळ उडत नाही. २० मिनिटं मुरू द्या, कोरडं वाटलं तरच चमचाचमचा पाणी वाढवा. मूठ आवळल्यावर पाणी गळता कामा नये. थर ५ मिमीच्या आतच ठेवा.

म्हणजे डोंगर लगद्याचा करायचाच नाही. लगदा ही फक्त त्याची कातडी. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटरच्या फरकाने असतात. नकाशा दहापट मोठा केला की २० मीटरचे ४ मिमी होतात. कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा जवळपास तेवढाच जाड असतो, तेव्हा प्रत्येक रेषेला एक पुठ्ठा कापून रचा. ६० सेंमीच्या पाटावर ३ किलोमीटरचा मुलूख बसतो, गड आणि पायथा दोन्ही. पुठ्ठ्याला ऑइल पेंटचा हात द्या, नाहीतर तो लगद्यातलं पाणी पिऊन फुगेल. तानाजी कड्याच्या बाजूला उभ्या भिंतीवर लगदा घसरतो. तिथे आधी घट्ट फेविकॉल लावा, लगदा थापा आणि अर्धवट सुकल्यावर सुरीने उभे ओरखडे काढा. कातळ जमतो!

पाटासाठी १२ मिमी प्लाय घ्या, आणि दोन्ही बाजू रंगवा. एकच बाजू रंगवली की दुसरी ओल ओढते आणि फळी वाकते.

प्रश्न : गणपतीच्या मखराला लगद्याची वेलबुट्टी केली, कुबट वास येऊन काळे ठिपके पडले. (सदाशिव पेठ)

उत्तर : पुण्यात श्रावण-भाद्रपदात हवाच ओली. काम जाळीवर उचलून ठेवा, म्हणजे खालूनही वारा लागेल. पंखा अखंड चालू ठेवा. हाताची पालथी बाजू लावा : गार लागलं तर आत ओल आहे, रंग थांबवा. ठिपके आतवर गेले असतील तर तो तुकडा फेकून द्या, रंगाखाली बुरशी मरत नाही.

प्रश्न : मुखवटा गुळगुळीत कसा होईल? (हडपसर)

उत्तर : ओल्या बोटाने जितका होईल तितका आधीच करा. पूर्ण सुकल्यावर खडूची पावडर आणि फेविकॉल दह्याइतकं दाट कालवून दोन पातळ हात द्या. मग १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर. पुण्यात बोहरी आळीत सुटा मिळतो. घासताना नाकाला मास्क हवाच. आतला साचा थर्माकोलचा असेल तर स्प्रे पेंट मारू नका : एखाद्या फटीतून आत गेला तरी थर्माकोल विरघळतो.