जुना दिवा घ्यायचाय? आधी उलटा करून बघा

जुन्या दिव्यांबद्दल काय विचारायचं ते विचारा असं मागच्या अंकात म्हटलं आणि पत्रांचा ढीग झाला. निम्म्या पत्रांत नुसता फोटो आणि खाली एवढंच, "ताई, हे ओरिजिनल आहे का?" फोटोवरून नाही सांगता येत हो, दिव्याचा तळ बघावा लागतो, वायर बघावी लागते आणि मुख्य म्हणजे तो लावून बघावा लागतो. ज्यांनी नीट प्रश्न लिहिलेत त्यांना आधी उत्तरं देते.

जुन्या बाजारात एक पितळी टेबल लॅम्प आवडलाय. विकणारा म्हणतो शंभर वर्षं जुना आहे. खरं-खोटं कसं ओळखायचं? आणि घरी आणून डायरेक्ट प्लगमध्ये घातला तर चालेल ना?
*– पितळवेडी*

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही चालणार, अजिबात नाही. जुन्या दिव्यांत कापड गुंडाळलेली वायर असते, त्या कापडाच्या आत रबर असतं आणि ते रबर वर्षानुवर्षांत वाळून कडक होतं, वायर वाकवली की तुकडे पडतात आणि आतली तांब्याची तार उघडी होते. बॉडी पितळेची, म्हणजे उघडी तार आतून कुठे टेकली की सगळा दिवाच करंट मारणार. त्यामुळे जुना दिवा घेताना नव्या वायरिंगचा खर्च किमतीत धरूनच भाव करायचा. इलेक्ट्रिशियनला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. वायर तीन तारांची हवी आणि अर्थिंगची तार धातूच्या बॉडीला नीट जोडलेली हवी. स्विच फेजवर हवा, न्यूट्रलवर नको. आणि होल्डर आट्यांचा असेल तर त्याच्या आट्यांच्या कड्याला न्यूट्रल यायला हवा, फेज मधल्या टिकलीला, कारण बल्ब फिरवताना बोट लागतं ते कड्याला. जुना लुक हवाय म्हणून कापडी वायरच पाहिजे असेल तर बाहेरून कापड आणि आत नवं इन्सुलेशन अशी वायर मिळते, ती लावा. आणखी एक, होल्डरजवळ किंवा वायरवर पांढरट कापसासारखं काही सुटलेलं दिसलं तर ते नखाने खरवडत बसू नका, उष्णता सोसावी म्हणून काही जुन्या दिव्यांत ॲस्बेस्टॉस वापरलेलं असायचं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाणं वाईट.

आता वयाचं. दिवा उलटा करा. तळ, स्क्रू, नट, जिथे वर्षानुवर्षं हात लागलेत त्या जागा, खरी माहिती तिथे असते. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा, चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता पितळी मुलामा. नाही चिकटलं म्हणून लगेच नाचू नका, जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक चिकटत नाही, मग तळाच्या कडेला मुलामा झिजलाय का बघा, आत करडा-चंदेरी रंग दिसला तर जस्त, पिवळा दिसला तर पितळ. स्क्रूच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असेल तर तो स्क्रू 1930 च्या दशकाच्या मध्यानंतरचाच, कारण फिलिप्स स्क्रू बाजारात आले तेच तेव्हा. एखादा स्क्रू दुरुस्तीत बदललेला असू शकतो, ते समजून घेता येतं, पण सगळेच तसले आणि म्हणे दिवा 1900 चा, तर गालात हसा आणि भाव पाडून मागा. झीज कुठे आहे तेही बघा. खरा वापरलेला दिवा स्विचपाशी आणि तळाच्या कडेला झिजतो, मुद्दाम जुना केलेला दिवा सगळीकडे सारखा काळा असतो.

बाकी माझं स्पष्ट मत, घरात वापरायला घेत असाल तर शंभर वर्षांचा की साठ वर्षांचा यावर फार डोकं खपवू नका. तो लावल्यावर उजेड कुठे पडतो ते बघा. बरेच जण बंद दिवा पसंत करून घरी आणतात आणि संध्याकाळी कळतं की बल्ब सरळ डोळ्यांत घुसतोय.

व्हिंटेज लुकसाठी आत वेटोळी दिसणारे पिवळे एलईडी बल्ब सगळीकडे लावले. आता घर सुंदर दिसतं पण वाचता काहीच येत नाही, आणि डिमर कमी केला की बल्ब फडफडतात. बल्ब खराब आहेत का?
*– अंधारात चाचपडणारा*

बल्ब बहुतेक चांगले आहेत, जागा चुकल्या. ते अंबर काचेचे बल्ब साधारण 2200 केल्विनचे असतात (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा), जवळजवळ मेणबत्तीच्या रंगाकडे जाणारे, आणि उजेडही बेताचाच देतात. एडिसनने 1879 मध्ये जो कार्बनच्या तंतूचा दिवा दाखवला त्या घराण्याचा हा देखावा आहे, आणि ते मूळचे दिवेही मंदच होते, म्हणून तर पुढे टंगस्टनची तार आल्यावर कार्बनवाल्यांना कुणी विचारेना. कोपऱ्यात, पॅसेजमध्ये, बल्ब उघडा दिसणार असेल तिथे हे ठेवा. वाचायच्या जागी शेडच्या आत बल्ब दिसणारच नाहीये, मग तिथे शोभेचा बल्ब कशाला? तिथे साधा 2700 केल्विनचा घ्या आणि खोक्यावर वॉट नाही, ल्युमेन बघा. जुन्या 40 वॉटच्या बल्बएवढा उजेड म्हणजे साधारण 450 ल्युमेन, 60 वॉट म्हणजे 800 च्या आसपास. वाचायला 800 वाला. सीआरआय असं एक लिहिलेलं असतं, रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, तो 90 च्या वर असेल तर लाकूड, पितळ, माणसांचे चेहरे सगळंच बरं दिसतं, कमी असेल तर मरगळलेलं.

फडफडण्याचं कारण डिमर. जुने डिमर तारेच्या बल्बसाठी बनवलेले, त्यांना नीट चालायला निदान काही वॉटचा लोड लागतो आणि तुमचा एलईडी खातोय जेमतेम चार वॉट, त्यात तो बल्ब डिमेबल आहे का हेही घेताना कुणी बघत नाही. खोक्यावर डिमेबल लिहिलेला बल्ब आणि एलईडीला चालणारा डिमर, दोन्ही लागतात, एक बदलून भागत नाही. आणि काचेच्या पूर्ण बंद गोळ्यात एलईडी घालणार असाल तर बंद फिटिंगला चालतो असा लिहिलेला घ्या, नाहीतर आतल्या उष्णतेने त्याचं सर्किट लवकर जातं आणि मग लोक म्हणतात एलईडी टिकत नाहीत.

आजोबांचा कंदील आहे, काच शाबूत आहे. त्यात इलेक्ट्रिकचा बल्ब बसवायचाय. कारागीर म्हणतो तळाला भोक पाडावं लागेल. पाडू का? शिवाय एक जुनी पेट्रोमॅक्सची बत्तीही आहे, तिचं काय करावं?
*– नातू*

भोक पाडू नका. टाकीला एकदा भोक पडलं की तो कंदील परत कंदील होत नाही आणि जाणकार गिऱ्हाइकाच्या लेखी त्याची किंमतही उतरते. जिथे वातीचा बर्नर आट्यांनी बसतो तो भाग काढून त्याच आट्यांत बसणारा होल्डर मिळतो, त्याची वायर बाजूने बाहेर येते, टाकीला हात लावायची गरजच नाही. आटे जुळले नाहीत तर चार्जिंगचा छोटा एलईडी आत ठेवायचा, वायरची भानगडच नाही, आणि खरं सांगायचं तर कंदिलाला तोच शोभतो कारण कंदील मुळात उचलून न्यायची वस्तू. मूळ बर्नर मात्र कागदात गुंडाळून जपून ठेवा. काम सुरू करायच्या आधी टाकी रिकामी करून, धुऊन, उघडी ठेवून पूर्ण वाळू द्या, रॉकेलचा वास राहिला असेल तर जवळ ठिणगी नको.

आणि तसाच रॉकेलवर पेटवायची हौस असेल तर खिडक्या उघडून, जागेपणी आणि पडद्यांपासून लांब. झोपायच्या खोलीत नकोच. वात सरळ कातरा आणि ज्योत काजळी धरणार नाही एवढीच वर ठेवा. वात वर केली की उजेड वाढतो असं वाटतं, वाढते ती काजळी. जास्त उजेडासाठी वातीला हवा नीट मिळावी लागते, 1780 च्या सुमारास आर्गाँ नावाच्या स्विस माणसाने पोकळ नळीसारखी गोल वात केली, आतून-बाहेरून हवा मिळायला लागली आणि वर काचेची चिमणी, मग कुठे उजेड वाढला.

बत्तीचं म्हणाल तर ती नुसती शोभेला ठेवा. तिचा उजेड येतो मेंटलच्या जाळीतून, वेल्सबाख नावाच्या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने 1885 मध्ये काढलेली युक्ती. जुन्या मेंटलमध्ये थोरियम असायचं, ते किंचित किरणोत्सारी. नुसतं जवळ ठेवल्याने घाबरण्यासारखं काही नाही, पण जळून राख झालेलं मेंटल बोटांनी चुरगाळून फुंकर मारू नका, ती पूड श्वासात जायला नको. ओल्या कागदाने टिपून घ्या आणि हात धुवा.

लोलकांचं जुनं झुंबर स्वस्तात मिळतंय, पण आमचं छत फार उंच नाही. घेऊ का?
*– लोलकप्रेमी*

छताची उंची मोजा, झुंबराची उंची साखळीसकट मोजा आणि वजाबाकी करा. खालून माणसं चालणार असतील तर झुंबराचं खालचं टोक जमिनीपासून निदान सात फूट वर हवं. तेवढं उरत नसेल तर नाद सोडा, किंवा जेवणाच्या टेबलावर टांगा, तिथे खालून कुणी चालत नाही, टेबलाच्या पृष्ठभागापासून अडीच ते तीन फूट वर ठेवलं की समोरासमोर बसलेल्यांचे चेहरेही दिसतात. रुंदीसाठी एक ढोबळ हिशेब आहे, खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजून बेरीज करा, जो आकडा येईल तेवढे इंच झुंबराचा व्यास. दहा बाय बाराच्या खोलीला बावीस इंच. हिशेब ढोबळच आहे, दोनचार इंच इकडे-तिकडे चालतं, पण चाळीस इंची झुंबर त्या खोलीत कुणालाच सुखाने बसू देणार नाही.

वजन विसरू नका. काचेचं झुंबर फॉल्स सीलिंगला टांगायचं नाही म्हणजे नाही, वरच्या पक्क्या स्लॅबमध्ये हुक पाहिजे आणि तो वजन पेलतो का हे आधी तपासायचं. घेताना लोलक मोजा, जोडीत नसलेले आणि टवके उडालेले वेगळे काढा, गहाळ लोलकांना अगदी जुळणारे मिळणं कटकटीचं असतं. उतरवायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, नाहीतर धुऊन झाल्यावर कुठला लोलक कुठे यावरून घरात भांडणं.

रंगीत काचांचा टिफनी लॅम्प आहे असं सांगून एक जण विकतोय. खरा असेल का?
*– शंकेखोर*

टिफनी "स्टाइल" असेल. लुई कम्फर्ट टिफनीच्या न्यूयॉर्कच्या कारखान्यातले अस्सल दिवे सहसा अनोळखी माणूस पिशवीतून काढून विकत नाही. नुसत्या शिक्क्यावरही जाऊ नका, शिक्का खोटा मारता येतो. पण नक्कल म्हणजे टाकाऊ असं नाही, चांगली नक्कलही घेण्यासारखी असते, फक्त त्या भावात. काचेच्या प्रत्येक तुकड्याला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून डाग दिलेला, म्हणजे सोल्डर करून जोडलेलं, आहे का बघा, तीच खरी पद्धत. रंग काचेच्या अंगात असायला हवा, वरून फासलेला रंग दिवा लावला की लगेच उघडा पडतो. प्लास्टिक असेल तर नखाने टकटक केल्यावर बद्द आवाज येतो. डागात शिसं असतं म्हणून पुसल्यावर हात धुवा आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका. जाता जाता, या कारखान्याची बरीच नावाजलेली डिझाइन्स क्लारा ड्रिस्कॉल आणि तिच्या हाताखालच्या बायकांची, हे तिची पत्रं अभ्यासकांच्या हाती लागली तेव्हा कुठे उजेडात आलं. तोवर सगळं श्रेय मालकाला!

पितळी दिवा घासून लख्ख करू की तसाच ठेवू? घरात दोन मतं आहेत.
*– मधला माणूस*

तसाच ठेवा म्हणणाऱ्याच्या बाजूने मी. ओल्या फडक्याने धूळ काढा, बास. घासायचाच हट्ट असेल तर आधी वर लॅकर, म्हणजे वार्निशसारखा पारदर्शक थर, आहे का बघा, लॅकर असलेल्या पितळेवर पॉलिश घासलं तर ते ठिकठिकाणी निघतं आणि दिवा चट्टे पडल्यासारखा दिसतो. मुलामा असेल तर घासूच नका, मुलामाच जाईल.

अभ्यासाच्या टेबलासाठी जुन्या पद्धतीचा दिवा सुचवा, पण उपयोगी हवा, नुसती शोभा नको.
*– परीक्षार्थी*

स्प्रिंगचा, हात वळवता येणारा. जॉर्ज कारवर्डाइन नावाच्या इंग्लिश इंजिनियरने, जो मूळचा गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करणारा, 1932 मध्ये स्प्रिंगांनी तोललेल्या हाताचं पेटंट घेतलं, त्यातून अँगलपॉइज दिवा आला. जिथे सोडाल तिथे थांबतो, त्यात पुढे कुणाला फारसं सुधारता आलेलं नाही. जुना घेताना हात वर, मध्ये, खाली अशा तिन्ही जागी सोडून बघा, आपोआप खाली येत असेल तर स्प्रिंगा दमल्यात किंवा सांधे सैल झालेत. सांधे आवळता येतात, स्प्रिंगा बदलाव्या लागतात. उजव्या हाताने लिहीत असाल तर दिवा डावीकडे ठेवा म्हणजे हाताची सावली वहीवर पडणार नाही, आणि शेडची खालची कड बसल्यावर डोळ्यांच्या रेषेखाली राहू दे.

अमेरिकेतून नातेवाईक जुना टेबल लॅम्प आणतायत, तिथला व्होल्टेज 120 आणि आमच्याकडे 230. ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल का?
*– वाट बघणारी*

साधा दिवा असेल तर नाही. होल्डर, स्विच आणि वायर यांना 120 च हवेत असं काही नसतं, होल्डरवर 250 व्होल्ट लिहिलेलं आहे का तेवढं बघा. प्लग आणि वायर बदला, बल्ब 230 चा लावा, काम झालं. तिकडच्या होल्डरची साइज ई-26 असते, आपला ई-27 चा बल्ब त्यात सहसा बसतो. पण दिव्यात स्वतःचा डिमर, हात लावून चालू होणारा टच स्विच, ट्रान्सफॉर्मर किंवा ट्यूबचा चोक असेल तर तो तसा लावू नका, जळेल. त्यांना आणायच्या आधीच तळाचा फोटो पाठवायला सांगा, आणि काचेची शेड हँडबॅगेत.